घोडा माजलाय की पाठ दुखतेय?

वरातीत घोडा उधळला, नवरदेव खाली आपटला, असा एखादा व्हिडिओ दर लग्नसराईत फिरतोच. खाली हसणारे असतात आणि 'जनावर माजलंय' असं निदान करणारेही. बँड आणि फटाके हे कारण असतंच, पण खोगिराखाली काय चाललंय हे कुणी बघत नाही.

घोडा म्हणजे शिकाऱ्यांचं भक्ष्य. कळपात जो लंगडतो तो आधी मारला जातो. त्यामुळे दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत. कुत्र्यासारखा तो केकाटत नाही.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण शाळेत घोकलेलं आहे. खोगीर नीट बसलं असेल तर स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर पसरतं, कणा मोकळा राहतो. खोगिराचा सांगाडा अरुंद असेल तर तोच भार खांद्यामागे तळहाताएवढ्या जागेत एकवटतो. त्यात घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक पावलागणिक जवळजवळ दुप्पट भार आदळतो. आता केशवाहिन्यांमधला दाब बघा: साधारण 30 ते 35 मिलिमीटर पारा. (आपण 120 मोजतो तो मोठ्या धमनीतला.) बाहेरचा दाब याच्या वर जाऊन टिकून राहिला की या वाहिन्या चेपतात आणि पेशींचा ऑक्सिजन तुटतो. ही उपासमार कातडीपेक्षा स्नायूला कमी सोसते, म्हणून इजा आधी आत होते आणि वरून पाठ अगदी साफ दिसते. दुसऱ्या दिवशी तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की घोडा कान मागे पाडून चावायला वळतो. लोक म्हणतात, खोडसाळ आहे.

हे बरेच दिवस चाललं तर केसांच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पांढरे केस उगवतात. अतिथंड धातू टेकवून जनावरांवर पांढरी खूण उमटवतात, त्यातही याच पेशी मारलेल्या असतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याच्या अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ हे बारकाईने पाहिलं जातं. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा, दुसरं काही नाही. मानेच्या मुळाशी, उंचवट्याच्या दोन्ही अंगांना पांढरे ठिपके असतील तर मात्र जरूर थांबावं. घोड्याला चुकीचं खोगीर घातलं गेल्याची ती खूण असू शकते.

ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार बसलेला असताना दिसणाऱ्या 24 वर्तनांची यादी केली आहे. सतत मागे पाडलेले कान, उघडं तोंड, शेपटीचे फटकारे, शून्यात रोखलेली नजर वगैरे. त्यातली 8 किंवा जास्त दिसली तर वेदनेचा दाट संशय घ्यावा. मला यातलं सर्वांत पटलेलं म्हणजे भुलीचा प्रयोग: दुखरा भाग इंजेक्शनने बधिर केला की तोच 'हट्टी' घोडा त्याच दिवशी बराच शहाण्यासारखा वागतो. स्वभाव काही इंजेक्शनने बदलत नाही.

यावर जाड गादी घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. खोगीर मुळात अरुंद असेल तर गादीने ते आणखी आवळतं. घट्ट बुटात जाड मोजे घालावेत तसं. त्यापेक्षा फेरी संपल्यावर खोगीर उतरवून घामाचा ठसा बघा. ओल्या पाठीवर एखादाच कोरडा डाग राहिला असेल तर तिथे दाब जास्त पडतोय किंवा खोगीर टेकतच नाहीये. मग बोटांनी हळूहळू दाबत जा. घोडा पाठ खाली झुकवून अंग काढून घेतो का ते पाहा. तिथे काहीच सापडलं नाही तर दात, खूर आणि पोटातले व्रण पाहायला पशुवैद्याला बोलवा. आणि घोडा रोडावला किंवा भरला की पाठीचा आकार बदलतो, तेव्हा गेल्या वर्षी बसलेलं खोगीर यंदा पुन्हा तपासावं लागतं.