इतिहासाच्या तासातील आकारिक मूल्यमापन

शिकवणे चालू असतानाच मुलांना काय उमगले आणि काय निसटले ते पाहायचे, आणि त्यानुसार पुढचा तास बदलायचा, या पद्धतीला आकारिक मूल्यमापन म्हणतात. सत्राअखेर गुण देणारी परीक्षा ती संकलित. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या तोंडी हे दोन्ही शब्द रुळलेले आहेत. इंदूरच्या मराठी शिक्षकाच्या कानावर मात्र त्यांची हिंदी रूपे पडतात : रचनात्मक आणि योगात्मक मूल्यांकन.

हा भेद १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी मांडला, तो अभ्यासक्रम पारखण्यासाठी. बेंजामिन ब्लूम यांनी तो विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावला. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेतल्यावर त्याला जगभर वजन आले. शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावा असा एक निष्कर्ष रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासातला आहे : नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, पण शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा उरला नाही. मुले आकडा पाहतात आणि वही मिटतात.

भारतात नेमके इथेच घोडे अडले. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला, आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ पासून नववी-दहावीला ते लागू केले. वर्षात चार आकारिक चाचण्या आणि त्यांना एकूण ४० टक्के भार. भार आला तशी नोंद आली, नोंदीमागून प्रोजेक्टच्या सजवलेल्या फायली आल्या, आणि मुलाला काय कळले हा मूळ प्रश्न मागे पडला. २०१७-१८ पासून ही रचना मंडळाने मोडीत काढली. कल्पना चांगली होती. तिला गुणांच्या तक्त्यात कोंबले, हे दुखणे.

इतिहासाच्या तासाला तपासायचे काय, हा खरा कळीचा मुद्दा. सनावळी पाठ आहे की नाही हे तोंडी परीक्षेतही कळते. कालभान, कार्यकारण, आणि पुराव्याकडे पाहण्याची नजर या गोष्टी मात्र सहज दिसत नाहीत. त्यांच्यासाठी नेमका प्रश्न लागतो. नववीला वर्षानुवर्षे फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा शिकवला गेला आहे. इंदूरच्या वर्गात पॅरिसच्या बॅस्तिय तुरुंगाचा पाडाव, १४ जुलै १७८९, शिकवून झाल्यावर एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहायला द्यावा : त्या दिवशी इंदूरवर राज्य कोणाचे होते? उत्तर अहिल्याबाईंचे, १७६७ ते १७९५, राजधानी महेश्वर. होळकरांचे नाव ऐकतच मोठी झालेली मुलेही इथे अडखळू शकतात, कारण युरोप एका कप्प्यात आणि घरचा इतिहास दुसऱ्यात. पाच मिनिटांच्या चिठ्ठीत हे उघडे पडते. तीन तासांच्या पेपरात पडेलच असे नाही.

पुराव्याची नजर तपासण्यासाठी सॅम वाइनबर्ग यांचे काम पायाभूत मानले जाते. १९९१ च्या अभ्यासात त्यांनी इतिहासकार आणि शालेय विद्यार्थी यांना एकाच लढाईची कागदपत्रे वाचायला दिली. इतिहासकार आधी पाहत : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले. विद्यार्थी थेट मजकुरात शिरत. पुढे स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या गटाने छोटे प्रश्न तयार केले. त्यांतला एक घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी काढलेल्या चित्राबद्दल आहे : त्या घटनेचा पुरावा म्हणून हे चित्र किती उपयोगी?

हाच प्रश्न राजवाड्यासमोर उभा राहून विचारता येतो. बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. हातात शिवलिंग घेतलेली त्यांची प्रतिमा तर शहरात जागोजागी दिसते. मुलांना विचारावे : ही प्रतिमा अठराव्या शतकाबद्दल सांगते, की ती घडवणाऱ्यांच्या मनातल्या अहिल्याबाईंबद्दल? ‘त्या अशाच दिसत होत्या’ हे उत्तर चुकीचे ठरवून तिथेच थांबू नये. ‘कशावरून?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. ही शांतता शिक्षकाला अवघड जाते, पण सारा उपयोग तिच्यातच आहे.

इंदूरच्या मराठी मुलांबाबत आणखी एक गोष्ट जपावी लागते. घरी मराठी, वहीत हिंदी किंवा इंग्रजी. १८१८ मध्ये होळकरांनी काय गमावले, या प्रश्नाला मुलगी ‘मंदसौर की संधि हुई’ (मंदसौरचा तह झाला) एवढेच लिहिते आणि कच्ची ठरते. तिलाच मधल्या सुट्टीत म्हणावे, ‘हे घरी आजीला कसं सांगशील?’ मग ती सांगू लागते : ‘महिदपूरला हरल्यावर तह करावा लागला, खानदेश गेला, राजपुतान्यावरचा हक्क गेला, आणि दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला.’ इतिहास तिला येत होता. अडले होते ते भाषेशी. हा फरक ओळखता आला नाही तर शेराही चुकीच्या जागी पडतो.

शेरा कसा असावा याचे एक उदाहरण. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला आणि काळजीवाहू रेसिडेंट ड्युरंड यांना शहर सोडावे लागले. होळकर महाराज दुसरे तुकोजीराव यांच्यावर ड्युरंड यांचा संशय होता. तुकोजीराव आपण इंग्रजांशी एकनिष्ठ असल्याचे सांगत राहिले. मुलाने ‘महाराज उठावात सामील होते, ड्युरंडने तसे लिहिले आहे’ असे लिहिले, तर ‘छान’ किंवा ‘अपुरे’ हे दोन्ही शेरे निकामी. ‘ड्युरंडला शहर सोडून जावे लागले होते. त्याने जे लिहिले त्यात त्याचा स्वतःचा बचाव किती असेल?’ असा शेरा त्याला पुन्हा लिहायला बसवतो. वर्गातल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर हाच शेरा लिहावा लागला, तर उद्याचा ठरलेला धडा बाजूला ठेवून शिक्षकाने ड्युरंड यांचे म्हणणे आणि तुकोजीरावांचे म्हणणे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडावे, आणि तास तिथून सुरू करावा.