वजन किती उतरवायचं आणि किती दिवसांत? (सुरुवात करण्यापूर्वी वाचा)

आहार-सल्ल्यासाठी येणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती किलो उतरेल आणि कधीपर्यंत? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण उत्तर तुमच्या हौसेवर किंवा आमच्या आश्वासनावर ठरत नाही, ते शरीराच्या हिशेबावर ठरतं. तो हिशेब आधी समजून घेतला तर मधेच निराश होऊन सोडून देण्याची वेळ येत नाही.

‘महिन्यात १० किलो’ आमच्याकडे का मिळत नाही

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. महिन्याभरात १० किलो चरबी घालवायची तर रोज साधारण २,५६० कॅलरींची तूट पडायला हवी. आता एक उदाहरण घेऊ: बाई, वय ४२, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७४ किलो, काम बहुतांशी बसून. यांच्या शरीराचा दिवसभराचा एकूण खर्चच १,८०० ते १,९०० कॅलरींच्या आसपास असतो. त्यांनी तीस दिवस अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं तरी गणित जुळत नाही. जाहिरातीतल्या १० किलोंमध्ये पाणी असतं, स्नायू असतात आणि बरीचशी फोटो काढण्याची करामत असते.

पहिल्या आठवड्यात मात्र काटा खरोखरच झपाट्याने खाली येतो. यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी ही साठवण वापरली जाते, पाणी निघून जातं आणि दीड-दोन किलो ‘उतरतात’. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते परत येतात. पहिल्या आठवड्याच्या आकड्याला चारने गुणून महिन्याचं भाकीत करू नका.

मग उद्दिष्ट किती ठेवायचं?

सध्याच्या वजनाच्या ५ टक्के. एवढंच. ते गाठल्यावर पुढचे ५ टक्के घ्यायचे की नाही, हे तेव्हा ठरवायचं.

आपल्या उदाहरणात ५ टक्के म्हणजे ३.७ किलो. ऐकायला फारच किरकोळ वाटतं, पण रक्तदाब, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांच्यात फरक दिसू लागायला एवढी घट अनेकदा पुरते. १० टक्क्यांपर्यंत गेलं तर फायदा आणखी वाढतो.

बहुतेकजण याच्या उलट दिशेने येतात. उंचीच्या तक्त्यात ‘आदर्श वजन’ बघायचं आणि तिथे बोट ठेवायचं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढणं सोपं आहे: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. ७४ भागिले १.५५, पुन्हा भागिले १.५५, म्हणजे ३०.८. भारतीयांसाठी २३ च्या खाली ठीक, २३ ते २४.९ जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता असं मानतात. परदेशी तक्त्यांत हेच टप्पे २५ आणि ३० वर असतात, म्हणून मोबाइल ॲपवरचं ‘तुमचं वजन योग्य आहे’ हे वाक्य आपल्याला लागू पडेलच असं नाही. या बाईंनी २३ गाठायचं म्हटलं तर वजन ५५ किलोंवर आणावं लागेल, म्हणजे १९ किलो कमी. पहिल्याच दिवशी १९ चा आकडा समोर ठेवला तर ४ किलो उतरूनही माणसाला हरल्यासारखंच वाटतं. तक्ता तब्येतीचा अंदाज घ्यायला वापरा, उद्दिष्ट ठरवायला नको.

कमरेचा घेर आम्ही वजनाइतकाच महत्त्वाचा मानतो. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला तर पोटातली चरबी जास्त आहे असं धरतात. हातपाय बारीक पण पोट सुटलेलं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे आणि ती नुसत्या वजनकाट्यावर लपून राहते.

वेग: आठवड्याला अर्धा किलो, तोही कागदावर

रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम उतरायला हवेत. त्या हिशेबाने ३.७ किलोंना आठ आठवडे पुरतात. आम्ही मात्र तीन ते चार महिने सांगतो. या काळात एखादं लग्न येतं, सर्दी-ताप येतो, पाहुणे येतात. शिवाय वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. ७४ चे ६७ किलो झाले की हालचाल तीच ठेवूनही दिवसाला सुमारे १०० कॅलरी कमी लागतात. म्हणजे सुरुवातीची ५०० ची तूट आता ४०० वर आलेली असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास काटा मंदावतो त्यामागे हेही एक कारण आहे. आपलं काही चुकलं असेलच असं नाही.

यापेक्षा घाई केली तर काय बिघडतं? आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. उपासमारीनंतर दोन-चार महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात, आणि तोवर तो डाएट संपलेला असल्यामुळे संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. दिवसाला १,००० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणीही घेऊ नये.

साठीच्या पुढच्यांनी वेग याहूनही कमी ठेवावा. त्या वयात गेलेला स्नायू भरून यायला फार वेळ लागतो.

५०० कॅलरी नेमक्या कुठून काढायच्या

पोळी-भात बंद करण्याआधी तेलाचा डबा बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे तेल पोटात जातं. एका चहाच्या चमच्याला ४५ कॅलरी, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. हेच प्रमाण माणशी चार चमच्यांवर आणलं तर रोज ९० कॅलरी वाचतात आणि फोडणी तरीही नीट बसते. नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. ‘आम्ही तेल कमीच खातो’ हे खरं की खोटं, ते डबा संपल्यावर कळेल.

चहा दुसरा. दोन चमचे साखर आणि निम्मं दूध असलेला कप ७५ ते ९० कॅलरींचा. असे चार कप म्हणजे तीनशेच्या पुढे, बिस्किटं वेगळी. साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली तर चार कपांत १२० कॅलरी कमी होतात. एकदम बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या.

तिसरी जागा उपास. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगीच आलेली नाही. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, बटाटा आणि दोन चमचे तूप धरलं तर खिचडीची एक प्लेट ५०० कॅलरींच्या पुढे जाते, आणि प्रथिनं त्यात जेमतेम. दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजीचं साधं जेवण ४०० च्या आसपास बसतं. उपास करायचाच तर वरईचा छोटा वाटा, ताक, दही, फळ आणि राजगिरा यांवर करा.

रात्रीचा भात विनाकारण बदनाम आहे. वाटीभर शिजलेल्या भातात सुमारे १३० कॅलरी असतात, तेल न लावलेल्या दोन मध्यम पोळ्यांत १६० ते २००. वजन वाढतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वाढपाने.

कमी करताना एक गोष्ट मात्र वाढवायची आहे: प्रथिनं. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास हवीत, आणि नेहमीच्या शाकाहारी ताटात तेवढी सहसा भरत नाहीत. दोन वेळेला ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं दाट वरण (१४ ग्रॅम), ४० ग्रॅम कोरड्या मुगाला मोड आणून केलेली उसळ किंवा दोन अंडी (१० ते १२), ३० ग्रॅम सोयाबीन वडी (१५), दीडशे ग्रॅम दही (५), चहातलं दूध (५) आणि पोळी-भाकरीतून १२ ग्रॅम, अशी जुळवाजुळव करावी लागते. पळीभर पातळ आमटीने काम भागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

व्यायामाकडून वजन उतरवण्याची फार अपेक्षा ठेवू नका. ७५ किलोंच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून, बसून राहण्यापेक्षा साधारण ९० ते १०० कॅलरी जास्त खर्च होतात. एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. तरीही आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम (खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं) आम्ही सोडू देत नाही. उतरलेलं वजन टिकतं ते यामुळे.

वजन करण्याची रीत

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. काटा कायम त्याच जागी, सपाट फरशीवर ठेवा. सतरंजी किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो. खडबडीत शहाबादी फरशीवर चारही पाय टेकतात का ते हाताने दाबून बघा. घरचा काटा, जिमचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांची एकमेकांशी तुलना करू नका.

रोजचा आकडा एक-दोन किलोंनी वरखाली होणारच. रात्री हॉटेलात जेवलात, पापड-लोणचं जास्त झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की पाणी साठतं. एका रात्रीत खरोखर एक किलो चरबी चढायला रोजच्या जेवणावर आणखी पंचवीस वडापाव खावे लागतील. म्हणून आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीचीच सरासरीशी तुलना करा. पाळी सुरू असलेल्या बायकांनी या महिन्याच्या पहिल्या आठवड्याची मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. आकडा बघून ज्यांचा दिवस खराब जातो त्यांनी आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं राहिलं तरी चालेल.

घेर मोजताना टेप पँटच्या पट्ट्याच्या जागी लावू नका, पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. चरबीची टक्केवारी सांगणारी यंत्रं शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात. घटाघटा पाणी पिऊन उभे राहिलात किंवा घामाघूम होऊन, तरी आकडा हलतो. त्या यंत्राच्या चिठ्ठीवरच्या ‘शरीराचं वय’ या ओळीकडे दुर्लक्ष करा.

काटा अडला तर

तीन आठवडे सरासरी हलली नाही आणि घेरही कमी झाला नाही, तरच काहीतरी बदला. आठ दिवसांत घाबरून पोळी कमी करू नका. आधी शनिवार-रविवार तपासा. पाच दिवस ५०० ची तूट म्हणजे २,५००. दोन सुट्ट्यांत रोज १,००० जादा गेल्या तर आठवड्याअखेर ५०० उरतात, त्यांचे ६५ ग्रॅम होतात, आणि तेवढे काट्यावर दिसतही नाहीत. मग बघा मुलांच्या ताटात उरलेलं, स्वयंपाक करताना घेतलेली चव, टीव्हीसमोरचा फरसाण, मूठमूठ शेंगदाणे (३० ग्रॅमला १७० कॅलरी) आणि फळांचा रस.

‘माझं थायरॉइड आहे म्हणून उतरत नाही’ हे अर्धंच खरं आहे. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन साधारणपणे दोन-चार किलोंचं असतं, आणि त्यातही बराच भाग पाणी. गोळीची मात्रा बरोबर बसली की पुढचा हिशेब इतरांसारखाच.

गणपती ते दिवाळी या काळात आम्ही वजन उतरवण्याचं उद्दिष्ट ठेवतच नाही. तेव्हाचं उद्दिष्ट एकच: आहे तिथे राहणं. लग्नाच्या किंवा फोटोच्या तारखेला बांधलेलं वजन त्या तारखेनंतर टिकत नाही, असं आमचं मत आहे. तारीख तीन आठवड्यांवर असेल तर पैसे शिंप्यावर खर्च करा.

आधी डॉक्टर, मग आम्ही

गरोदरपणात, बाळंतपणानंतर पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजत असताना, १८ वर्षांखालील मुलांसाठी आणि खाण्याशी निगडित मानसिक त्रास झालेल्यांसाठी आम्ही वजन उतरवण्याचा आराखडा बनवत नाही. प्रयत्न न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका, आधी तपासणी करून घ्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळी तीच ठेवून जेवण निम्म्यावर आणलं तर साखर अचानक खाली जाते: दरदरून घाम, थरथर, भोवळ. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही वजन उतरल्यावर उठताना चक्कर येऊ शकते. वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं गुणकारी आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. ती बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं, हे सुरू करण्याआधीच लक्षात घ्या.

पहिल्या भेटीला येताना

गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणा, आयुर्वेदिक चूर्णं आणि प्रोटीन पावडरचे डबेही. तीन दिवसांचं खाणं लिहून आणा, त्यातला एक रविवार असू द्या. नीट करून लिहू नका, जे पोटात गेलं तेच लिहा. आणि घरातली रोजच्या वापरातली वाटी सोबत ठेवा. कुणाची वाटी १०० मिलिलिटरची असते, कुणाची २०० ची, त्यामुळे ‘एक वाटी भात’ म्हणजे तुमच्या घरी किती, ते आम्ही तिच्यात पाणी मोजून बघतो.