चित्रसृष्टीची दुसरी वही

सिनेमाच्या झगमगाटामागचा अंधार म्हटलं की गोष्ट ठरलेली असते. घर सोडून एक मुलगी मुंबईला येते, कुणीतरी फसवतं, पुढे दारू, एकटेपणा आणि शेवटी वर्तमानपत्रात चार ओळींची चौकट. ही गोष्ट खोटी नाही. पण वर्षानुवर्षं तीच सांगत राहिल्यामुळे या धंद्यात पैसा येतो कुठून, जातो कुणाच्या हातून आणि त्यातला कागदावर किती उमटतो, हे विचारायचं राहून गेलं. माणसं बिघडली ती बरीचशी त्या व्यवहारात, म्हणून या अंधाराची पार्श्वभूमी तिथूनच सांगायला हवी.

बदनामी मात्र सिनेमाच्या आधीच येऊन बसली होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. वेश्यावस्तीतूनही नकार आला, तेव्हा खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी लुगडं नेसवलं. कंपनीतल्या लोकांना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत म्हणा. काही वावगं घडायच्या आधीच लपवाछपवी सुरू झाली, याची मला नेहमी गंमत वाटते. पुढे हेच साळुंके ‘लंकादहन’मध्ये रामही झाले आणि सीताही.

फाळके स्वतः फार लवकर विटले. हिंदुस्तान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटेना, तेव्हा सगळं सोडून ते काशीला गेले आणि तिथे त्यांनी नाटकवाल्यांच्या जगावरच ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. परत आले खरे, पण १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांनीच उभ्या केलेल्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

मधला काळ कंपन्यांचा. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली प्रभात, १९३४ ची मालाडची बॉम्बे टॉकीज. इथे नट, सुतार, शिंपी, छायालेखक सगळे महिन्याच्या पगारावर. वेळेवर यायचं, काम नसेल त्या दिवशीही हजर राहायचं. आपल्याकडे या काळाबद्दल बोलताना आवाज आपोआप हळवा होतो. दुर्गाबाई खोट्यांसारख्या प्रतिष्ठित घरातल्या बाई पडद्यावर नावारूपाला आल्या त्या याच वातावरणात.

पण याच सुवर्णकाळात, १९३९ मध्ये, गायिका-नटी शांता आपटे प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. दोनच वर्षांपूर्वी ‘कुंकू’मध्ये लादलेलं लग्न न मानणाऱ्या नीरेच्या भूमिकेत लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. आता भांडण होतं कंपनीशी केलेल्या कराराचं. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक आलं. नाव वाचून वाटतं, मुलींना शीलाचा उपदेश असेल. त्यांचा रोख मात्र श्रमाकडे आहे: नटीची दमछाक, तिची पिळवणूक, तिच्या कामावर कमावणारे मालक. सिनेमाच्या अनीतीवर तोवर शेकडो अग्रलेख लिहिले गेले असतील. हा विषय कामगाराच्या बाजूने मांडणारी बाई आपल्या भाषेत १९४० मध्येच होऊन गेली, आणि आपण तिची गाणी तेवढी लक्षात ठेवली.

मग महायुद्ध आलं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिच्यावर सरकारी नियंत्रण आलं, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. परवाना म्हणजे सोनं झालं आणि त्याचाही काळाबाजार सुरू झाला. दुसरीकडे युद्धाच्या ठेक्यांत आणि साठेबाजीत मिळालेला पैसा मुरवायला जागा शोधत होता. त्याला सिनेमा सापडला. स्टुडिओ नाही, पगारी माणसं नाहीत, फक्त एक मोठा नट ‘साइन’ केलेला, एवढ्या भांडवलावर निर्माते उभे राहिले. नटाला थोडे पैसे पावतीवर आणि बाकीचे पाकिटात. कंपनीच्या पगारावर राहायचं कारणच उरलं नाही. चित्रपट व्यवसायाच्या चौकशीसाठी १९४९ मध्ये नेमलेल्या स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात हे स्पष्ट नोंदवलं आहे: युद्ध संपताच सूत्रं जुन्या निर्मात्यांकडून तारे, सावकार आणि वितरकांकडे गेली. समितीने चित्रपटांना कर्ज देणारं महामंडळ सुचवलं होतं. ते निघायला १९६० उजाडलं. तोवर प्रभात १९५३ मध्ये आणि बॉम्बे टॉकीज १९५४ मध्ये बंद पडली होती.

आता त्या काळचा हा नवा व्यवहार जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख इथेच आहे. फायनान्सर हुंडीवर, म्हणजे परतफेडीच्या लेखी चिठ्ठीवर, पैसे देई आणि व्याज आधीच कापून घेई. हातात कमी रक्कम येई, परतफेड पूर्ण रकमेची. वितरक आपापल्या टेरिटरीचे, म्हणजे वाटून घेतलेल्या प्रदेशाचे, पैसे हप्त्याहप्त्याने देत. निगेटिव्ह लॅबमध्ये, आणि देणी चुकती केल्याशिवाय फिल्मचे डबे सुटत नसत. चित्रपट शुक्रवारी लागायचा असेल तर गुरुवारी रात्री वसुली चाललेली असे. नायक डबिंगला येत नसे, कारण त्याचा शेवटचा हप्ता राहिलेला असे. लॅबवाला प्रिंट देत नसे. ज्याच्या हातात अडवण्यासारखं काही आहे तो अडवतो आणि आपले पैसे काढून घेतो. लाइटमनच्या हातात काय आहे? आणि गर्दीत उभ्या राहणाऱ्या एक्स्ट्राच्या? (नंतर त्यांना ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणायला लागले, नाव सुधारलं.) त्यांना काम देणारा सप्लायर, पैसे देणारा सप्लायर, त्यातून आपला वाटा कापणाराही तोच. करार नाही, पावती नाही, उद्या बोलावतील याची खात्री नाही. अशा माणसाकडून, विशेषतः अशा बाईकडून, कामाच्या बदल्यात काय मागितलं जातं हे वेगळं सांगायला नको. तडजोड हा शब्द इथे मवाळ अर्थाने वापरत नाहीत.

हे तोंडाने सांगणाऱ्या बायका कमी. नटी हंसा वाडकर त्यांतल्या एक. १९७० मध्ये त्यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र आलं तेव्हा मराठी वाचक हादरला तो त्यातल्या दारूने आणि पुरुषांनी. मला त्यातली वेगळीच गोष्ट छळते. घर चालवायला ही मुलगी शाळकरी वयात कॅमेऱ्यासमोर गेली आणि त्यानंतर तिच्या कमाईवर तिचा स्वतःचा हात क्वचितच राहिला. ‘लोकशाहीर रामजोशी’तली ती देखणी बाई पडद्याबाहेर घरातल्यांच्या पोटापाण्याचं साधन होती. हे शोषण करायला खलनायक लागला नाही, कुटुंब पुरलं.

पुरुषांची पडझड झाली की आपण तिला नशीब म्हणतो. भगवानदादांचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे: १९५१ चा ‘अलबेला’, जुहूला मोठा बंगला, आठवड्याच्या दर दिवसाला वेगळी गाडी, आणि शेवट दादरच्या चाळीत, २००२ मध्ये. त्याआधीचे मास्टर विठ्ठल, पहिल्या बोलपटाचे नायक, पुढे किरकोळ भूमिकांत दिसत राहिले. दोघांच्याही चारित्र्याची चौकशी कुणी केली नाही. ते बरंच झालं, पण हा हिशेब एकाच बाजूचा आहे एवढं लक्षात घ्यावं.

बँका निर्मात्यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून सावकार. पुढे खंडणी आणि टोळ्यांचा पैसाही आला. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत टी-सीरिज या संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली. मे १९९८ मध्ये केंद्राने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ८५ वर्षांनी. तरी जानेवारी २००० मध्ये निर्माते-दिग्दर्शक राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला आणि २००१ च्या सुरुवातीला हिरे व्यापारी आणि फायनान्सर भरत शहा यांना अटक झाली. टोळ्यांबद्दलची माहिती दडवल्याबद्दल २००३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, गंभीर आरोपांतून ते सुटले. त्यानंतर कॉर्पोरेट कंपन्या आल्या, धनादेश आले, करारांची पानं वाढली. वरच्या मजल्यावर बरीच साफसफाई झाली. तळाशी सप्लायर होता तिथेच राहिला.

मुंबईत २०१८ मध्ये बायका लैंगिक छळाबद्दल जाहीर बोलू लागल्या, काही प्रकरणं गाजली आणि विरली. पद्धतशीर नोंद झाली ती केरळात. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या हल्ल्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला आणि १९ ऑगस्ट २०२४ पर्यंत लोकांसमोर आला नाही. आला तोही काही पानं वगळून. त्याच्या सुरुवातीलाच बजावलं आहे की दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका, मीठही साखरेसारखं दिसतं. ‘ॲडजस्टमेंट’ आणि ‘कॉम्प्रोमाइज’ हे तिथल्या बायकांच्या ओळखीचे दोन शब्द. लेखी करार नसणं, ठरलेले पैसे न मिळणं, काम बंद होईल म्हणून गप्प बसणं. आणि एक अगदी साधी नोंद: बाहेरच्या चित्रीकरणाला स्वच्छतागृह नसतं, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत.