एसीला गॅस भरायच्या आधी कपॅसिटर तपासा

मागच्या मे महिन्यात आमच्या जळगावच्या घरचा दीड टनाचा जुना एसी नुसतीच हवा फेकायला लागला. मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं, गॅस गेलाय, भरावा लागेल. मी गच्चीवर जाऊन आउटडोअरपाशी कान देऊन उभा राहिलो तर पंखा व्यवस्थित फिरत होता, पण कॉम्प्रेसर चार-पाच सेकंद घूंऽऽ करायचा, मग टक्, आणि गप्प. थोड्या वेळाने परत तेच.

हा आवाज ओळखता आलाच पाहिजे. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर चालू असतो, गारवा कमी पडतो आणि बऱ्याचदा बारीक पाइपवर बर्फ धरतो. इथे कॉम्प्रेसर उचलतच नव्हता.

घरात येते सिंगल फेज वीज, आणि मोटरच्या एकाच वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, ती दिली तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होत राहतं, फिरत नाही, म्हणून कॉम्प्रेसरमधली मोटर सुरूच होत नाही. त्यासाठी दुसरं वाइंडिंग आणि त्याच्यासोबत कपॅसिटर. तो त्या वाइंडिंगचा करंट जरा आधी आणतो, दोन्ही मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं आणि मोटर उचलते. छताचा पंखा हळू झाला की आपण कंडेन्सर बदलतो ना, तोच हा. फक्त एसीत कंडेन्सर म्हणजे आउटडोअरची मोठी जाळीसुद्धा, जी खूप महाग असते, त्यामुळे मेकॅनिक 'कंडेन्सर गेला' म्हणाला तर नेमकं काय गेलं ते विचारा.

अडकलेला कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, ओव्हरलोड नावाचा सुरक्षा स्विच तो करंट तोडतो, तेच ते टक्. हे फार वेळ चालू ठेवलं तर वाइंडिंग जळतं, म्हणून एसी लगेच बंद करा.

कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अगदी पातळ थर असतो. कुठे बारीक भोक पडलं की आजूबाजूचा धातू वाफ होऊन उडतो आणि तेवढी जागा बाद होते, बाकीचा चालू राहतो. अशी जागा कमी होत होत ताकद घटते, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात तर फारच लवकर.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने एमसीबी पाडला, वायरींचा फोटो काढला, कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केला, कारण वीज बंद केली तरी त्यात चार्ज राहतो आणि जोरदार झटका बसतो. त्याच्यावर लिहिलेलं 45 मायक्रोफॅरड (कपॅसिटरची ताकद यात मोजतात), ±5 टक्के, म्हणजे निदान 42.75 हवेत. मीटरवर आले 31. डोकं फुगलेलंही नव्हतं, नुसतं बघून कळलंच नसतं. नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्यायचे, व्होल्ट मात्र जुन्याएवढे किंवा जास्त, आमच्यावर 440 होते. बसवला आणि कॉम्प्रेसरने एका दमात उचललं, गॅसला हातही लावावा लागला नाही.

इन्व्हर्टर एसीला हे लागू नाही, त्याचे कपॅसिटर पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, असतात आणि ते घरी उघडू नका. आणि नव्या कपॅसिटरनंतरही घूं-टक् चालूच राहिलं तर कॉम्प्रेसर उचलतानाचं व्होल्टेज मोजून घ्या, उन्हाळ्यात ते पडलेलं असलं तरी अगदी असंच होतं.