खटला पुन्हा उघडणे वेगळे, चौकशी आयोग नेमणे वेगळे

गांधीहत्येविषयी एखादे नवे कागदपत्र पुढे आले की ‘खटला पुन्हा उघडा’ आणि ‘आयोग नेमा’ या दोन मागण्या एका दमात केल्या जातात. वस्तुतः शिक्षा कायम ठेवायची की रद्द करायची, हे केवळ न्यायालय ठरवते. सरकारने नेमलेला आयोग वस्तुस्थितीचा शोध घेऊन अहवाल देतो, आणि त्या अहवालाने कोणी दोषी ठरत नाही की निर्दोष सुटत नाही.

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी सुनावली, पाच जणांना जन्मठेप दिली आणि सावरकरांना निर्दोष सोडले. अपिलात उच्च न्यायालयाने जन्मठेप झालेल्यांपैकी परचुरे व शंकर किस्तय्या या दोघांची मुक्तता केली. अपील चालू असताना जादा पुरावा घेण्याची सोय कायद्यात असते. निकाल अंतिम झाल्यावर मात्र ते दार जवळजवळ बंद होते. पुढे गांधींवर तीन नव्हे, चार गोळ्या झाडल्या गेल्या, असा चौथ्या गोळीचा दावा करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा त्रयस्थ वकील) नेमून कागदपत्रे तपासून घेतली आणि २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली. माझ्या मते या दाव्याची मूळ अडचण निराळीच होती. गोळ्या आपणच झाडल्या, हे गोडसेने भर न्यायालयात मान्य केले होते. त्यामुळे चौथी गोळी खरी निघाली असती तरी आणखी एका मारेकऱ्याचा प्रश्न उभा राहिला असता, गोडसेची शिक्षा चुकीची ठरली नसती.

आयोगाची कथा पुण्यात सुरू होते. १९६४ मध्ये नथुरामचा भाऊ व जन्मठेप झालेल्यांपैकी एक असलेला गोपाळ गोडसे सुटून आल्यावर झालेल्या कार्यक्रमात टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी या कटाची आपल्याला आधीच कल्पना होती असे सांगितले, त्यावर गदारोळ उठला आणि अखेर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि चिटणीस गजानन दामले यांचे १९४८ मधील पोलिसी जबाब कपूर यांनी विचारात घेतले. खटल्यात या दोघांची साक्ष झालीच नव्हती, आणि पोलिसांपुढचा नुसता जबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आयोगाला मात्र साक्षीपुराव्याचे ते काटेकोर नियम तसेच्या तसे लागू नसतात. एकूण वस्तुस्थिती पाहता सावरकर व त्यांच्या गटाने रचलेल्या कटाखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असा निष्कर्ष १९६९ च्या अहवालात आहे.

या निष्कर्षाने १९४९ ची निर्दोष मुक्तता रद्द झाली असे म्हणणे चूक, आणि त्या मुक्ततेमुळे अहवालच निरर्थक ठरतो हेही तितकेच चूक. सरकारने मुक्ततेविरुद्ध अपील केलेच नव्हते, आणि कपूर यांची नेमणूक नोव्हेंबर १९६६ मध्ये झाली तेव्हा सावरकरांच्या निधनाला नऊ महिने होत आले होते.