फौजींच्या रेडिओवरून फर्माइशीपर्यंत

सीमेवरच्या जवानाचं नाव घेऊन त्याच्या आवडीचं गाणं लावायचं, ही 'जयमाला'ची रीत आपल्याला विविध भारतीमुळे ठाऊक आहे. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जातं.

नोव्हेंबर 1941 मध्ये बीबीसीवर व्हेरा लिन या चोविशीतल्या गायिकेचा 'सिन्सिअरली युअर्स' हा कार्यक्रम सुरू झाला. परदेशी लढणाऱ्या सैनिकांना लिहिलेलं पत्रच जणू. मध्ये मध्ये गाणी, आणि घरचे निरोप. लिन प्रसूतिगृहांत जाऊन बाळंतिणींना भेटायची आणि तुझं बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे दूरवरच्या नवऱ्याला रेडिओवरून कळवायची. पोराचं तोंड कधी बघायला मिळेल याचा भरवसा नसलेल्या माणसाला याहून मोठी बातमी कोणती असणार? पण असल्या हळव्या गाण्यांनी शिपाई मऊ पडतील, अशी धास्ती काही खासदारांना आणि खुद्द बीबीसीतल्या वरिष्ठांना होती. कार्यक्रमाबद्दल नापसंती नोंदवताना तो लोकप्रिय आहे, हेही त्यांना लिहावं लागलं! 1944 मध्ये हीच लिन थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन सैनिकांसमोर गायली.

त्या आघाडीची सूत्रं लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे, म्हणजे 'सिॲक'कडे होती. तिच्या सैनिकांसाठी कोलंबोहून 'रेडिओ सिॲक' चाले. पुढे बीबीसीवर नाव कमावलेले डेव्हिड जेकब्स तिथे निवेदक होते. त्याचं प्रसारण लघुलहरींवरून (शॉर्टवेव्ह) होई. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, त्यामुळे ताकदवान प्रक्षेपक असला की हजारो मैलांवर ऐकू जातं. युद्ध संपलं, फौजा मायदेशी परतल्या, यंत्रणा मात्र तिथेच राहिली. ती सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, सरकारकडे आली आणि रेडिओ सिलोनच्या कामी लागली.

इकडे 1952 मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर पुरस्कर्ता, चित्रपटगीतं त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. केसकरांनी शास्त्रीय गायक-वादकांना रेडिओवर मानाचं स्थान दिलं, हे कबूल. पण श्रोत्यांनी काय ऐकावं हे वरून ठरवण्याचा हट्ट लंडनच्या बीबीसीतल्या वरिष्ठांसारखाच होता, आणि फळही तेच. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. डिसेंबर 1952 पासून अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाला'ने तर कहरच केला.

अखेर केसकर मंत्री असतानाच, 3 ऑक्टोबर 1957 रोजी, आकाशवाणीला चित्रपटगीतं ऐकवणारी विविध भारती सुरू करावी लागली. फौजी भावांची 'जयमाला' याच विविध भारतीवर आली आणि तिच्या विशेष भागांत चित्रपटातले नामवंत कलाकार जवानांशी बोलून स्वतःच्या पसंतीची गाणी ऐकवू लागले.