पार्श्वभूमी : एका चुकलेल्या कालनिर्णयातून उभी राहिलेली अभ्यासशाखा

1876 साली जर्मनीत एर्विन रोडे या तिशीतल्या प्राध्यापकाचा ग्रीक कादंबरीवरचा भलाथोरला ग्रंथ छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं. पदवीनंतरचं शिक्षण आणि संशोधन हाच त्याचा मुख्य उद्देश होता. तिथले ग्रीकचे पहिले प्राध्यापक बेसिल गिल्डरस्लीव्ह जर्मनीत ग्यॉटिंगेनला डॉक्टरेट करून आले होते, आणि तिथली सेमिनारची पद्धत त्यांनी बाल्टिमोरला रुजवली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण प्राचीन ग्रीक-रोमन कथनसाहित्यात आज कुणी एम.ए. करतं तेव्हा या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या असतात. त्या एकत्र यायला शंभर वर्षं लागली.

सेमिनारची वाट आधीची. फ्रीडरिश आउगुस्ट वुल्फ याने 1787 मध्ये हाले विद्यापीठात अभिजात भाषांचा सेमिनार सुरू केला. मोजके विद्यार्थी, समोर एक संहिता, प्रत्येक शब्दावर वाद, हस्तलिखितांमधले पाठभेद तपासणं आणि शेवटी स्वतःचा निबंध सगळ्यांसमोर मांडून त्याचा बचाव करणं, अशी ती रीत. होमरची महाकाव्यं आज दिसतात त्या रूपात एका हातची नाहीत, मौखिक परंपरेतून आणि नंतरच्या संपादनातून ती घडली आहेत, हा युक्तिवाद वुल्फने 1795 मध्ये मांडला. ही जर्मन शिस्त पुढे पुण्यापर्यंत पोचली. बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले वि. सी. सुखटणकर 1925 मध्ये भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीचे संपादक झाले आणि पाठचिकित्सेचा पाया त्यांनी घातला.

पण सेमिनारमध्ये वाचायचं काय, हे ठरलेलं होतं. होमर, शोकांतिका, थुसिडिडीज, प्लेटो. लॅटिनमध्ये व्हर्जिल, सिसेरो, लिव्ही. रोमन साम्राज्याच्या काळात लिहिल्या गेलेल्या ग्रीक गद्यकथांना तिथे जागा नव्हती. पूर्ण स्वरूपात हाती आलेल्या अशा ग्रीक प्रेमकादंबऱ्या पाच आहेत. त्यांचे लेखक खॅरिटन, एफेससचा झेनोफन, अखिलिस टाटिअस, लाँगस आणि हेलिओडोरस. लॅटिनमध्ये पेट्रोनिअसच्या ‘सॅटिरिकॉन’चे तुकडे उरले आहेत, आणि अप्युलिअसची गाढव झालेल्या तरुणाची अकरा खंडांची कथा पूर्ण मिळाली आहे.

गंमत म्हणजे एके काळी याच कथा युरोपभर आवडीने वाचल्या जात. हेलिओडोरस 1534 मध्ये बाझेलला छापला गेला. त्याची मूळ प्रत 1526 मध्ये बुडा शहराच्या लुटीतून वाचलेली होती. झाक आम्यो याने 1547 मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, 1559 मध्ये लाँगसचं केलं, आणि पुढची दीडेकशे वर्षं या कथांनी युरोपीय लेखकांना कथानकं पुरवली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आधुनिक कादंबरी उभी राहिली, ‘अभिजात’ युगाची व्याख्या घट्ट झाली, आणि या कथा उतरत्या काळातलं करमणुकीचं लेखन म्हणून बाजूला पडल्या.

त्या काळाच्या ओघात टिकल्या कशा, हेही विद्यार्थ्याला सुरुवातीलाच कळायला हवं. खॅरिटन आणि एफेससचा झेनोफन हे दोघे एकाच हस्तलिखितामुळे आपल्यापर्यंत पूर्ण पोचले. तेराव्या शतकातली बारीक अक्षरांची ती प्रत फ्लॉरेन्सला आहे. झेनोफन त्यातून 1726 मध्ये छापला गेला, खॅरिटन थेट 1750 मध्ये. याच प्रतीत लाँगसच्या पहिल्या खंडातला, इतर प्रतींमध्ये गहाळ असलेला भाग होता. पोल-लुई कूरिए या फ्रेंच तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने, जो ग्रीकचा जाणकारही होता, 1809 मध्ये तो उतरवून घेतला आणि नेमका त्याच पानावर शाईचा मोठा डाग पडला. ग्रंथपाल संतापला, मुद्दाम केल्याचा आरोप झाला, दोन्ही बाजूंनी पत्रकबाजी झाली. डाग आजही तिथे आहे. पेट्रोनिअसमधली ट्रिमाल्किओची प्रसिद्ध मेजवानीही अशीच, दाल्मेशियातल्या ट्रोगिर गावी 1650 च्या सुमारास सापडलेल्या एका प्रतीमुळे उरली.

आता रोडेकडे. तो तत्त्वज्ञ नित्शेचा जवळचा मित्र. नित्शेच्या शोकांतिकेवरच्या पुस्तकावर हल्ला झाला तेव्हा त्याच्या बाजूने लेखणी उचलणारा. ग्रीक कादंबरीला पूर्ण ग्रंथाचा मान त्याने दिला, हे त्याचं मोठं काम. त्याचा सिद्धान्त असा होता : अलेक्झांडरनंतरच्या काळातली प्रेमकाव्यं आणि अद्भुत प्रवासवर्णनं यांचा संयोग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतर वक्तृत्वशाळांमध्ये झाला, आणि त्यातून ही कादंबरी जन्मली. त्यामुळे साधा, सरळ निवेदन करणारा खॅरिटन त्याने सर्वांत शेवटी, पाचव्या-सहाव्या शतकांच्या आसपास नेऊन ठेवला.

1893 मध्ये उल्रिश व्हिल्केनने बर्लिनमधल्या एका पपायरसवरचा, म्हणजे इजिप्तमध्ये वनस्पतीपासून बनवलेल्या प्राचीन कागदावरचा, मजकूर प्रसिद्ध केला. निनस नावाच्या असिरियन राजपुत्राची ती प्रेमकथा होती. त्या पपायरसच्या मागच्या बाजूला कुणीतरी हिशेब लिहून ठेवले होते, आणि त्या हिशेबांवर सम्राट ट्रेजनच्या कारकिर्दीतली, इ.स. 100-101 ची नोंद होती. कथा हिशेबांच्या आधी लिहिलेली, म्हणजे ती त्याहून जुनी. रोडेचा सांगाडा एका फटक्यात ढासळला. 1900 मध्ये इजिप्तच्या फायुम भागातल्या पपायरसांत खॅरिटनचाच मजकूर मिळाला, आणि सर्वांत शेवटचा मानलेला लेखक सर्वांत आधीच्यांपैकी एक निघाला. रोडे 1898 मध्ये वारला. निनसचा तुकडा त्याच्या हयातीतच बाहेर आला होता. त्याला आज नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याच्याइतक्या ठामपणे कुणी कालक्रम मांडलाच नसता तर पपायरसने नेमकं काय मोडलं हे कळलंही नसतं.

कालक्रम उलटल्याने प्रश्नच बदलला. ही कादंबरी ऱ्हासाचं फळ नसून इसवी सनाच्या पहिल्या शतकात, साम्राज्याच्या भरभराटीत लिहिली गेली असेल, तर ती कुणासाठी आणि का? अमेरिकन अभ्यासक बेन एडविन पेरी यांनी 1967 मध्ये ठासून सांगितलं की साहित्यप्रकार आपोआप उत्क्रांत होत नाहीत. कुणीतरी एक लेखक जाणूनबुजून नवं काही लिहितो. मला हे म्हणणं अजूनही पटतं. खॅरिटन वाचला की पटतंच. आपण अफ्रोडिसिअस गावचे, एका वकिलाचे लेखनिक, आणि सिराक्यूजमध्ये घडलेली प्रेमकथा सांगणार आहोत, असं तो पहिल्याच वाक्यात सांगतो. नायक मत्सराच्या भरात आपल्या गर्भवती बायकोला, कॅलिरोईला, लाथ मारतो, ती मेली समजून तिला पुरतात, थडगं फोडणारे चोर तिला पळवून मिलेटसला विकतात, आणि पोटातल्या मुलाला बाप मिळावा म्हणून ती दुसरं लग्न करते. हा निर्णय ती ज्या प्रसंगात घेते, तो प्राचीन गद्यातल्या उत्तम प्रसंगांपैकी आहे.

तरीही पपायरस सापडून सत्तर-ऐंशी वर्षं हा विषय वर्गाबाहेरच राहिला. अवजारं नव्हती. ती 1970 च्या दशकात आली. टोमास हेग यांचा ग्रीक कादंबऱ्यांच्या कथनतंत्रावरचा अभ्यास 1971 चा, फ्रेंच अभ्यासक झेरार झनेतची कथनमीमांसा 1972 ची. गोष्ट कोणत्या क्रमाने घडली आणि कोणत्या क्रमाने सांगितली, सांगणारा कोण आणि पाहणारा कोण, ही विभागणी हाती आली, आणि तिच्यासाठी हेलिओडोरसइतकी योग्य संहिता दुसरी नव्हती. त्याची कथा नाइलच्या मुखाशी, किनाऱ्यावर विखुरलेल्या प्रेतांकडे डोंगरावरून पाहणाऱ्या दरोडेखोरांच्या नजरेतून सुरू होते. त्यांना काय झालं ते कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. उलगडा व्हायला जवळजवळ अर्धी कादंबरी जाते. जॉन विंक्लर यांनी 1985 मध्ये अप्युलिअसचं याच बारकाईने वाचन केलं, तर इरेन द यॉंग यांनी 1987 मध्ये हीच पद्धत ‘इलियड’ला लावून दाखवली. रशियन विचारवंत बाख्तिनचा कादंबरीतल्या काळावरचा 1937-38 मधला निबंधही याच सुमारास जगाला वाचायला मिळाला. ग्रीक कादंबरीत काळ माणसांवर खूण सोडत नाही, हे त्याचं मत सेमिनारमध्ये आजही चर्चेला असतं, आणि कॅलिरोईचं मूल हे त्याच्याविरुद्धचं पहिलं उदाहरण असतं.

रोडेच्या ग्रंथाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1976 मध्ये, ब्रायन रिअर्डन यांनी वेल्समधल्या बँगोरला प्राचीन कादंबरीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्यांच्याच संपादनाखाली 1989 मध्ये ग्रीक कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं एका खंडात आली. शिकवण्याच्या दृष्टीने मला हा खंड परिषदेहून मोठा वाटतो, कारण त्यामुळे ग्रीक नुकतंच शिकू लागलेला विद्यार्थीही सगळा प्रदेश एकदम पाहू शकला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला अप्युलिअसवरची भाष्यमाला आणि नंतर प्राचीन कथनाला वाहिलेलं नियतकालिक उभं राहिलं. वेल्समध्येच स्वानसीला संशोधन केंद्र झालं आणि या विषयाचं स्वतंत्र एम.ए. शिकवलं गेलं.

असा अभ्यासक्रम बाहेरून हलका वाटतो, कारण वाचायच्या असतात प्रेमकथा. प्रत्यक्षात भाषा सोडून चालत नाही. ग्रीक किंवा लॅटिन आधी आलेलं नसेल तर ते इथे नेटाने शिकावं लागतं. सिद्धान्ताचे पाठ, पपायरसचे तुकडे वाचण्याची ओळख आणि शेवटी लघुप्रबंध. प्रश्नही शिळे झालेले नाहीत. हेलिओडोरस तिसऱ्या शतकातला की चौथ्या, यावर एकमत नाही. इथिओपियाच्या कृष्णवर्णी राजा-राणीची गोरी मुलगी ही त्याची नायिका, त्यामुळे वर्ण आणि ओळख यांवरचं बरंच नवं संशोधन त्याच्याभोवती फिरतं.

भारताचा धागा या इतिहासात खरोखर आहे. एफेससच्या झेनोफनच्या नायिकेला अलेक्झांड्रियात विकत घेतो तो सॅमिस नावाचा भारतीय राजा. अर्थात तो ग्रीक वाचकाच्या कल्पनेतला भारतीय. गंभीर धागा फेलिक्स लाकोत या फ्रेंच संस्कृतज्ञाचा. गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वर 1908 मध्ये ग्रंथ लिहिल्यानंतर त्याने 1911 मध्ये ग्रीक कादंबरीचा उगम भारतीय असल्याचं मांडलं. गुणाढ्याला परंपरेने सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडलं आहे. उगमाचा हा सिद्धान्त टिकला नाही. पैशाची या प्राकृत भाषेतला मूळ ग्रंथ हरवलेला, त्याचा काळ अनिश्चित, तर कोण कुणाकडून शिकलं हे ठरवणार कशावरून?

पण उगम बाजूला ठेवून कथनतंत्राची तुलना करायला काहीच अडचण नाही, आणि कथासरित्सागर, म्हणजे ‘बृहत्कथे’चं सोमदेवाने केलेलं संस्कृत रूप, वाचलेल्या मराठी विद्यार्थ्याकडे तिच्यासाठी तयारी आहे. सोमदेवाच्या ग्रंथात शिव पार्वतीला कुणी न ऐकलेली कथा सांगतो, आणि शिवाचा गण पुष्पदंत ती चोरून ऐकतो म्हणून शापित होतो. अप्युलिअसमध्ये दरोडेखोरांच्या गुहेत एक म्हातारी पळवून आणलेल्या मुलीला क्युपिड आणि सायकीची गोष्ट सांगते. जवळच बांधलेलं गाढव, म्हणजे मूळचा माणूस ल्युशिअस, ती ऐकतं आणि एवढी सुंदर कथा टिपून घ्यायला आपल्याजवळ पाटी-लेखणी नाही म्हणून हळहळतं. ज्याच्यासाठी कथा नव्हती त्याच्यामुळेच ती वाचकापर्यंत पोचते, अशी रचना दोन्हीकडे आहे. तिच्यावर एक पूर्ण लघुप्रबंध उभा राहू शकतो.